लांडगा आला रे आला : मेंढपाळांना शहाणं करण्याच्या भाषेविषयी

मराठी मुलाला माहीत असलेली लांडग्याची गोष्ट बहुतेक एकच. मेंढरं राखणारा पोरगा गंमत म्हणून ‘लांडगा आला रे आला’ असं ओरडतो, गावकरी काठ्या घेऊन धावतात, पोरगा हसतो. आणि लांडगा खरोखर येतो तेव्हा कोणी धावत नाही. ही गोष्ट आपली नाही, इसापाची आहे. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणली, पुढे शाळेच्या पुस्तकांनी ती घरोघरी पोचवली, आणि आता ती आपल्याच माळावर घडलेली वाटते. गोष्टीत पात्रं तीनच. लांडगा लांडग्यासारखा वागतो, गाव शहाण्यासारखं वागतं आणि खोटारडा ठरतो तो मेंढरांमागचा पोरगा.

आमच्या पुरंदर-बारामती-इंदापूरच्या माळावर ही गोष्ट जुळत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. इथे मेंढरांमागे असतो तो मेंढरांचा मालकच. रात्री वाघर लावून, कुत्री सोडून, तो मेंढरांच्या कडेलाच आडवा होतो. लांडगा आला तर हाक मारायला गाव जवळ नसतं, आणि असलं तरी ते त्याचं गाव नसतं. गंमत म्हणून ओरडायची चैन त्याला परवडणारी नाही.

मी प्राणिशास्त्र शिकलेला नाही. विजेच्या तारांच्या कामात तीस वर्षं काढली. खांबावर चढलं की माळ दूरवर दिसतो, त्यातून हा नाद लागला. वह्या भरत गेल्या, धनगरांच्या वाड्यांवर मुक्काम पडत गेले, आणि त्याबरोबर एक वेगळाच संग्रह झाला : मेंढपाळांसाठी निघालेल्या पत्रकांचा. वन्यजीवांजवळ चराई कशी करावी, स्थलांतर कसं करावं, लांडग्याशी कसं जुळवून घ्यावं हे सांगणारे चाळीसेक कागद आज माझ्याकडे आहेत. काही सरकारी, काही संस्थांचे, एक-दोन तर कुठल्याशा कंपनीच्या सामाजिक कामाच्या पैशातून निघालेले. त्यांची नावं इथे देत नाही. ही तक्रार कोणा एकावर नाही. कवितासंग्रहाची समीक्षा करतात तशी या कागदांची कोणी केलेली मला दिसली नाही. ती इथे करतो.

सुरुवात चित्रापासून. यातल्या निम्म्याहून अधिक पत्रकांवर जी मेंढी आहे ती पांढरीशुभ्र, गुबगुबीत, कापसाच्या गोळ्यासारखी. आमच्याकडची दख्खनी मेंढी बहुधा काळी, अंगानं हलकी, पायानं काटक. तिच्याच काळ्या लोकरीचं घोंगडं होतं. एका वाड्यावर मी असं पत्रक दाखवलं तेव्हा म्हाताऱ्या तात्यांनी ते लांब धरून पाहिलं आणि विचारलं, “ही कुणाची वो मेंढरं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग संबोधन. जवळपास सगळी पत्रकं ‘मेंढपाळ बांधवांनो’ अशी सुरू होतात. वाड्यावर राहिलेल्या माणसाला हे खटकतं. बिऱ्हाड घोड्यावर लादणं, पुढच्या मुक्कामाला पाल ठोकणं, पाणी, चूल, आणि मुख्य म्हणजे कोकरं, हे सगळं बायांच्या हातात असतं. मेंढरं रानात गेल्यावर कोकरं बिऱ्हाडावर राहतात, आणि लांडगा दिवसाढवळ्या आला तर तो बऱ्याचदा तिथे येतो. म्हणजे लांडग्याविषयी ज्या माणसाशी सगळ्यात आधी बोलायला हवं, तिला ही पत्रकं हाकच मारत नाहीत.

पण खरी गोष्ट व्याकरणात आहे. हे कागद ओळीनं वाचत गेलो तेव्हा एक नियम सापडला. मेंढपाळाबद्दलचं वाक्य नेहमी कर्तरी असतं : मेंढपाळ अतिचराई करतात, मेंढपाळ वणवे लावतात, मेंढपाळ कुत्री मोकळी सोडतात. माळाबद्दलचं वाक्य आलं की कर्ता नाहीसा होतो : गवताळ प्रदेश कमी झाला आहे, अधिवासाचे तुकडे झाले आहेत, पारंपरिक मार्ग बंद पडले आहेत. कोणी केले? वाक्य गप्प. औद्योगिक वसाहत, प्लॉटिंग, चौपदरी रस्ता, माळावर खणलेले समतल चर आणि त्यात लावलेलं ग्लिरिसिडिया, उपसा सिंचनानं वर चढलेला ऊस, यांतलं काहीच ‘करत’ नाही. ते फक्त ‘होतं’. मराठीत ‘केलं’ आणि ‘झालं’ यांच्यात केवढं अंतर आहे, ते ज्याच्या घरचं काचेचं भांडं फुटलं आहे अशा कोणत्याही मुलाला विचारा.

आता मजकुरातला मुख्य उपदेश. चक्राकार पद्धतीनं चारा. एका जागी फार दिवस थांबू नका. गवताला विसावा द्या. उपदेश अगदी बरोबर आहे. गवत मरतं ते एकदा खाल्ल्यानं नाही. खाल्ल्यावर फुटलेला कोवळा कोंब पुन्हा, आणि पुन्हा, खाल्ला गेला की मुळांमधला साठा संपतो आणि पवन्या, मारवेल अशी चांगली गवतं हटून कुसळ उरतं. विसावा मिळाला तर तीच गवतं परत उभी राहतात. पण हा विसावा देण्याची जी सगळ्यात जुनी रीत या मुलखात आहे तिचंच नाव स्थलांतर. दसरा-दिवाळी उलटली की वाडे हलतात. काही घाट उतरून कोकणात भाताच्या खाचरांवर जातात, काही नदीकाठच्या बागायतीकडे. कोकणच्या पावसात ही मेंढी टिकत नाही, खूर कुजतात. म्हणून मृग जवळ आला की परत माळ चढायचा. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडी-मुताचं खत त्याला, मोबदल्यात धान्य किंवा हल्ली रोख पैसे. एका रानात दोन-तीन रात्री आणि पुढे. चार एकरांचे चार भाग पाडून चक्राकार चराई शिकवणारं पत्रक अशा माणसाच्या हातात पडतं, की ज्याचं चक्र दोन-तीन जिल्ह्यांमधून फिरतं.

हे काही मी नव्यानं सांगत नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या सुमारास धनगरांवर काम केलं. घाटमाथ्यावर म्हशी पाळणारे गवळी धनगर, कोरड्या माळावर मेंढरं राखणारे हटकर, त्याच मुलखातून फिरणारे नंदीवाले, वैदू, फासेपारधी : प्रत्येकाची जागा, प्रत्येकाची शिकार किंवा चारा कसा वेगळा होता आणि त्यामुळे एकाच माळावर अनेकांचं कसं भागत होतं, हे त्यांनी मांडलं. त्या मांडणीत जातिव्यवस्थेला पर्यावरणाचा शहाणपणा चिकटवण्याचा धोका आहे, आणि तो मला मान्य नाही; फासेपारध्यानं तितर-काळवीटच धरावं हे त्यानं निवडलेलं नव्हतं. पण निरीक्षणं पक्की आहेत, आणि चाळीस वर्षांनंतरही पत्रकं लिहिणाऱ्यांपर्यंत ती पोचलेली नाहीत.

न पोचण्याचं कारण, मला वाटतं, एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘रान’. गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या मागे धनगरांबरोबर वर्षानुवर्षं हिंडला. वन आणि क्षेत्र, म्हणजे वस्तीबाहेरचा मुलूख आणि नांगराखालचा, वस्तीचा मुलूख, ही जोडी त्यानं आपल्या विचाराच्या मध्यावर ठेवली. देव वारुळातून निघतो, वनात राहतो आणि हळूहळू क्षेत्रात स्थिरावतो. त्याला जे एवढ्या खटाटोपानं मांडावं लागलं ते मराठीच्या बोलीत सहज आहे. ‘मालक रानात गेलेत’ म्हणजे शेतावर गेलेत. ‘रानडुक्कर’ म्हणजे जंगलातलं डुक्कर. पेरलेलं तेही रान, न पेरलेलं तेही रान. मेंढपाळाचा सगळा संसार या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये चालतो : सुगीनंतर शेत त्याचं रान होतं, पेरणीनंतर माळ त्याचं रान होतं. सरकारी कागदाला मात्र दोनच रकाने लागतात, वन आणि शेती. जे दोन्हींत बसत नाही ते ‘पडीक’. माळाला पडीक म्हटलं की त्यावर काहीही करायला मोकळीक मिळते : झाडं लावा, सौर पट्ट्या लावा, कारखाना काढा. आणि तिथे चरणारा माणूस आपोआप अतिक्रमण करणारा ठरतो, लांडगा तर उपरा.

यावर आवाज उठवला तो जोतीराव फुल्यांनी. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ साली, जंगलखात्यानं डोंगर, दऱ्या आणि गायरानं कशी आपल्याखाली घेतली आणि शेतकऱ्या-मेंढक्यांच्या जनावरांना पाय ठेवायला जागा कशी उरली नाही, हे त्यांनी संतापून लिहिलं. कोंडवाड्याचा कायदा त्याआधीच, १८७१ मध्ये आला होता. वन्यप्राणी त्या काळी चित्रातही नव्हते; तेव्हा सबब लाकडाची होती. सबब बदलली, कोंडवाडा राहिला.

साहित्यात शिरलो आहे तर ‘बनगरवाडी’ टाळता येणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला तरुण मास्तर, त्यानं पुढाकार घेऊन बांधवलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळ : मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून निघून जातात. विशीत मी ती वाचली तेव्हा शेवटाला रडलो होतो. वाडी ओस पडणं म्हणजे सगळं संपणं असंच मला वाटलं. पुढे वाड्यांबरोबर हिंडल्यावर पुन्हा वाचली, आणि माझं पहिलं वाचन मास्तराच्या जागेवरून झालं होतं हे कळलं. शाळा, तालीम, हजेरीपट या जागेवरून पाहिलं तर माणसांचं निघून जाणं हा पराभवच. पण मेंढरामागच्या माणसाला निघता येणं हाच जगण्याचा उपाय असतो. ज्याला निघता येत नाही तो आणि त्याची जनावरं तिथेच मरतात. माडगूळकरांनी हे दाखवलेलं नाही असं मुळीच नाही. त्यांनी मास्तर हा मागे राहणारा माणूस निवडला आणि त्याच्या डोळ्यांनी प्रामाणिकपणे पाहिलं. चूक वाचणाऱ्यांची, माझ्यासकट. दुष्काळात परागंदा होणं वेगळं आणि दरवर्षीचं चालणं वेगळं, हा फरक आपण केला नाही, आणि ‘स्थिर करणं म्हणजे सुधारणं’ हे गृहीत धरून बसलो. चाळीसपैकी अकरा पत्रकांत स्थलांतर ‘कमी करा’ असाच सल्ला आहे. वन्यजीवांच्या नावानं.

चराई थांबवली की निसर्ग सुधारतोच, या समजुतीचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या देशात भरतपूरला मिळाला. मी तिथे गेलेलो नाही, वाचलेलं सांगतो. केवलादेवची पाणथळ जागा १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात म्हशींची चराई बंद करण्यात आली, आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मेले. बंदीच्या बाजूला सलीम अलींसारखे पक्षितज्ज्ञ होते. पण त्याच दशकात तिथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा दीर्घ अभ्यास चालू होता, आणि त्याचा निष्कर्ष निघाला तो उलटा : म्हशी नाहीत म्हटल्यावर पास्पॅलम नावाचं पाणगवत माजलं, मोकळं पाणी झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांची अडचण झाली. १९९० साली धोक्यात आलेल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत केवलादेवचं नाव चढलं ते पाण्याच्या तुटवड्याबरोबर याही कारणानं. त्या सोसायटीबद्दल मला आदर आहे तो यासाठी की आपल्याच माणसांच्या मताविरुद्ध गेलेला निष्कर्ष तिनं दडवला नाही.

पण म्हैस म्हणजे मेंढी नव्हे आणि दलदल म्हणजे माळ नव्हे. भरतपूरचं नाव घेऊन आमच्या माळावर कितीही मेंढरं सोडा असं कोणी म्हणत असेल तर ती लबाडी होईल. भरतपूर एवढंच शिकवतं की बंदी घालण्याआधी पाहावं.

कायदासुद्धा पाहायला वाव देतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३५ व्या कलमानुसार राष्ट्रीय उद्यानात चराईला मज्जाव आहे. पण अभयारण्यात ३३ व्या कलमाखाली चराई नियंत्रित करता येते, म्हणजे नियम घालून चालूही ठेवता येते. रेहेकुरी, सुप्याचं मयूरेश्वर, नान्नजचं माळढोक अभयारण्य ही सगळी अभयारण्यं आहेत, राष्ट्रीय उद्यानं नव्हेत. २००६ चा वनहक्क कायदा तर स्पष्टच म्हणतो की स्थायी आणि भटकी अशी दोन्ही प्रकारची चराई हा सामूहिक हक्क होऊ शकतो. माझ्या चाळीस पत्रकांत या तरतुदीचा उल्लेख एकातही नाही. ‘तुम्ही काय करावं’ याला जागा आहे, ‘तुम्हाला काय मागता येतं’ याला नाही.

नान्नजचं उदाहरण आठवणीत ठेवण्यासारखं आहे. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या त्या अभयारण्याचं क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शहरं, शेतं, रस्ते सगळं. पुढे ते छाटून बाराशेच्या आसपास आणलं. कागदावर एवढा मोठा मुलूख राखूनही माळढोक तिथून जवळजवळ गेला. लांडगा मात्र अजून आहे. काळवीटही खातो, शेळ्या-मेंढ्याही खातो. मेंढरं चालत राहतात त्या माळावर तो चालत राहतो. “त्यो आमच्या संगंच हिंडतो,” असं मला एकाहून अधिक वाड्यांवर सांगितलं गेलं, आणि त्यात तक्रार जितकी होती तितकीच ओळखही.

ही ओळख गोंजारून मी थांबलो तर माझं लिहिणंही एक पत्रकच होईल, फक्त उलट बाजूचं. म्हणून जे पाहिलं तेही लिहितो. लांडग्याच्या घळीत धूर करून पिल्लं मारल्याचं मी ऐकलं आहे, आणि एकदा धुरानं काळवंडलेलं तोंड असलेली घळ पाहिली आहे. मारलेल्या मेंढीच्या अंगावर विष टाकणं हे त्याहून वाईट, कारण त्यानं लांडग्याबरोबर तरस, कोल्हे, खोकड, गिधाडं, कुत्री कोणीही मरतं. आमच्याकडे लांडग्याची पिल्लं हिवाळ्यात जन्मतात. म्हणजे वाडे निघून गेलेले असतात तेव्हा. आता घाटाची वाट अवघड झाली, कोकणात खाचरांच्या जागी कुंपणं आली, म्हणून जे वाडे जात नाहीत ते नेमके त्याच दिवसांत घळींच्या आसपास असतात. हा माझा तर्क आहे, अभ्यास नव्हे. पण कोणी तपासावा असा आहे. तसं असेल तर ‘स्थलांतर कमी करा’ हा सल्ला लांडग्याच्याही मुळावर येणारा आहे.

दुसरी गोष्ट कुत्र्यांची. वाड्याची कुत्री हवीतच. त्यांच्याशिवाय रात्र निघत नाही. पण लस न टोचलेलं कुत्रं माळावर पिसाळ आणि इतर रोग नेतं, आणि पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेलं आहे. अभयारण्याच्या पाच किलोमीटरांच्या आतल्या पशुधनाला लस द्यायची तरतूद कायद्यात आहे, पण पशुधनाच्या व्याख्येत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंट, घोडा इथपासून बदक-कोंबडीपर्यंत सगळे आहेत. कुत्र्याचं नाव नाही. मेंढपाळाला खरोखर काही पटवायचं असेल तर हे पटवावं, आणि पटवायला फार कष्ट पडत नाहीत. गेल्या वर्षी एका ओळखीच्या पशुवैद्याला घेऊन मी दोन वाड्यांवर गेलो. कुत्री धरून द्यायला बाया आपणहून पुढे आल्या. एका म्हातारीनं विचारलं, “आधी का न्हाई आलासा?”

तिसरी गोष्ट कळपाच्या आकाराची. ‘कमी जनावरं पाळा’ हे प्रत्येक पत्रकात असतं. तात्यांचं उत्तर असं की शंभरातली चाळीस दुष्काळात किंवा रोगात गेली तरी साठांवर घर उभं राहतं. चाळिसातली चाळीस गेली तर? लोकरीला भाव उरला नाही, सगळा संसार खाटकाच्या दरावर आला, म्हणून मटणाच्या उंच जाती आणून कळप बदलणारेही वाढले आहेत. ती जनावरं चालायला किती टिकतील याबद्दल वाड्यांवरच दोन मतं आहेत. मला यात ठाम बोलता येत नाही. पण कळप कमी करायचा असेल तर नुकसान झाल्यावर भरपाई मिळेल असा भरवसा आधी लागतो, आणि तिथे आपण इसापाकडे परत येतो.

कारण भरपाईचा अर्ज ही त्या गोष्टीचीच सरकारी आवृत्ती आहे. लांडगा आला असं सांगणारा खोटं बोलत असणार, हे धरून तिची रचना झाली आहे. मेलेलं जनावर जागेवर दाखवा, पंचनामा करून घ्या, पंच त्याच गावचे आणा. बिबट्या गोठ्यात शिरला तर हे जमतं. गोठा चालत नाही. मागच्या माघात एका वाड्यावर पहाटे लांडग्यानं दोन मेंढ्या मारल्या. एक तिथेच पडली, एक ओढून नेली. नेलेल्या मेंढीचा पंचनामा होत नाही, हे मालकिणीला आधीच माहीत होतं. दुसरीसाठी तिचा नवरा मागे थांबला, कारण पुढच्या शेतकऱ्याला मेंढरं बसवायचा शब्द दिलेला होता आणि वाड्याला त्या दिवशी हलणं भाग होतं. शनिवार होता. सोमवारपर्यंत तो मेलेल्या मेंढीपाशी काठी घेऊन बसला, कुत्री-कावळे हाकत. मी मंगळवारी वाड्यावर होतो, तेव्हा रात्री तो येऊन पोचला. पटक्यात अर्जाची पोच होती, घडी घालून ठेवलेली. कंदिलाशी धरून मला वाचायला दिली. पत्त्याच्या ओळीत त्याच्या मूळ गावाचं नाव होतं. पुढचं काही आलं तर ते त्याच पत्त्यावर येणार होतं, आणि त्या घराचं कुलूप मृगापर्यंत निघत नाही.